उशाकडचा बोळा

बबनरावांचा चेहरा पहिल्यांदा उलटा लागला.

दत्तानं खाटेवर चढून फ्लेक्सची दोन टोकं पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीला सुतळीनं आवळली, अनितानं स्टुलावरून उरलेली दोन आवळली, आणि मग दोघांनी माना वर केल्या. खोलीचं अख्खं छत बबनरावांनी व्यापलं होतं. गळ्यात हार, हात जोडलेले, आणि कडेकडेनं त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे तिकिटाएवढे कार्यकर्ते. फक्त खाटेवर निजणाऱ्याला हे सगळं मंडळ खाली डोकं वर पाय असं दिसणार होतं.

उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या सोजराबाईनं आत डोकावलं.

“दत्ता, ह्यो मानूस रातभर माझ्या अंगावर पडायच्या बेतात हाय.”

“आये, कापड बघ, मानूस नगं बघू. वर पत्रा, त्याच्या खाली थर्माकोल, त्याच्या खाली फ्लेक्स. ह्याला इन्सुलेशन म्हंत्यात. आमच्या प्लँटला असंच असतंय.”

“तुमच्या प्लँटला बी बबनराव लावल्यात का?”

अनितानं हसू लपवायला तोंड भिंतीकडे केलं, कारण बबनराव बाहेरच होते. लिंबाखाली मोटारसायकल लावून, आपली देणगी कशी लागते आहे हे पाहायला ते जातीनं आले होते. ते दारापर्यंत आले, चप्पल न काढता नुसतीच मान आत घातली आणि स्वतःकडे बराच वेळ पाहत राहिले.

“पालथा लावू का, नाना?” अनितानं विचारलं. “पांढरी बाजू आत आली म्हंजी खोलीत उजेड बी पडंल.”

“न्हाई न्हाई,” बबनराव घाईनं म्हणाले. “छापील बाजूला ऊब जास्त असती. शाईची असती ती.”

तेव्हा सुतळ्या सोडून फ्लेक्स फिरवला गेला. बबनराव सुलटे झाले.

ते देणाऱ्यांतले होते, याबद्दल गावात दुमत नव्हतं. दिलेली वस्तू दिसत राहिली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं असे. शाळेला घड्याळ दिलं तर काट्यांच्या मागे त्यांचा फोटो होता. घेण्याच्या बाबतीत मात्र त्यांची नजर अधू होती. सोजराबाईचा नवरा हरिबा जिवंत होता तेव्हा दर साली कोकणातून परतताना त्याची मेंढरं बबनरावांच्या रानात बसायची. रात्ररात्र बसलेल्या मेंढरांच्या लेंड्यांनी त्या जमिनीला असं खत मिळायचं की पुढं कांदा मुठीत मावत नसे. बबनराव त्या कांद्याची आठवण अजून काढत. कांद्याचीच काढत, मेंढरांची नाही. पण यंदा चंपाषष्ठी दहा-बारा दिवसांवर आली, रानातल्या पाटाच्या पाण्यावर पहाटे वाफ दिसू लागली, आणि कुणी न मागता ते फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन दत्ताच्या वस्तीवर हजर झाले. म्हणजे मेंढरं कुठंतरी आठवणीत असणारच.

“सोजराआक्का, आता बगा, थंडी तुमच्याकडं फिरकायची न्हाई.”

“तुमाला बघून कशाला फिरकंल?” सोजराबाई म्हणाली, आणि सोललेल्या दाण्यांतला मूठभर दाणा उठून त्यांच्या रुमालात बांधून दिला.

* * *

ही खोली मुळात सोजराबाईसाठी नव्हतीच. ती सिमेंटसाठी होती.

न्हावऱ्यापासून थोडं आत, उसाच्या दोन फडांच्या मधे दत्तानं स्लॅबचं घर बांधायला काढलं, तेव्हा सिमेंटची पोती भिजू नयेत म्हणून आधी ही दहा फुटांची खोली उभी केली. बिनगिलाव्याच्या भिंती, वर पन्हळी पत्रा, एक दार, एक हातभर खिडकी. सगळीकडे असंच करतात. घर झालं की अशा खोलीत कोंबड्या जातात, नाहीतर खताच्या गोण्या. दत्ताच्या वस्तीवर त्या खोलीत त्याची आई गेली.

गेली तीही अशी, की कुणाला बोट दाखवता येऊ नये. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. दत्ताचे कुरकुंभच्या कारखान्यातले साहेब यायचे होते. नव्या फरशीवर, नव्या सोफ्याच्या पाठीवर सोजराबाईनं आपली घोंगडी टाकली. काळी, जाड, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली. हरिबा गेल्यावर मेंढरं विकली, त्याच्या आधी शेवटची कातरणी केली आणि त्या लोकरीची ती विणून घेतली होती. अनिता अंजिरी रंगाची काठपदराची साडी नेसून तांब्या घेऊन घाईत चालली होती. जाता जाता म्हणाली,

“आत्या, ही घोंगडी आज बाहेर ओट्यावर ऱ्हाऊ द्या. मेंढरांचा वास येतोय, पाव्हणं काय म्हंतील.”

एवढंच. सोजराबाईनं घोंगडी उचलली, बाहेर नेली, आणि ओट्यावर न ठेवता सरळ सिमेंटच्या खोलीत नेली. रात्री घोंगडी जिथं होती तिथं ती निजली. दुसऱ्या रात्रीही. मग खाट गेली, मग पाण्याची कळशी गेली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलंही असतं.

बाकी सगळं ठीक होतं. आंघोळ घरात, जेवण घरात, देवघरातल्या खंडोबाच्या टाकांना भंडारा वाहायची ती घरातच. नात प्रगती शिक्षणाला शिरूरला मावशीकडे होती; सुट्टीला आली की आजीच्या खाटेवर तंगड्या पसरून मोबाइल बघायची. फक्त रात्रीचं जेवण झालं की सोजराबाई पदर सारखा करून म्हणायची, “चला, आमचं घर उघडं हाय,” आणि अंगण ओलांडून जायची. दत्ता पंधरवड्याला एकदा तिला म्हणायचा, “आये, आत निजत जा.” ती म्हणायची, “मला काय झालंय?” मुलानं म्हणण्यात काही नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. ज्यानं घोंगडी बाहेर काढली त्यानंच ती आत बोलवायला हवी होती. पण अनितानं बोलवायचं तर त्या सकाळचं नाव काढावं लागलं असतं, आणि ते तोंडात आलं की तिला पाणी पिऊन ते गिळावं लागे. तिनं आपल्यापरीनं एवढंच केलं. घर बांधताना सासूसाठी म्हणून काढलेली मागची खोली तिनं रिकामी ठेवली. कांद्याचा भाव पडला तेव्हा दत्तानं तिथं गोण्या रचायचं काढलं, तर तिनं नवऱ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. खोली रोज झाडून निघत होती, आतला पलंग पुसून निघत होता. निजायला कुणी नव्हतं.

आणि मग गेल्या थंडीत सोजराबाईच्या छातीत कफ भरला. शिरूरच्या दवाखान्यात आठवडाभर नळ्या लावून पडून होती. सुटताना डॉक्टरांनी दत्ताला बाजूला घेतलं नाही, तिच्यासमोरच सांगितलं. या वयात एकदा बऱ्या झालात, आजी. पुढच्या थंडीत असंच झालं तर मी काही सांगू शकत नाही.

“मग सांगू नका,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलली.

आता पुढची थंडी आली होती.

* * *

दत्ता गड्याच्या पद्धतीनं कामाला लागला. माणूस खोलीतून हलत नसेल तर खोलीच हलवायची, म्हणजे पार बदलायची. कुरकुंभहून शिफ्ट सुटल्यावर येताना भंगारवाल्याकडून थर्माकोलचे ठोकळे आणि फुगेवालं प्लॅस्टिक घेऊन आला. थर्माकोल पत्र्याला, प्लॅस्टिक भिंतीला. दाराच्या फटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. आत शेगडी पेटवायची नाही, हे त्यानं तीनदा बजावलं, कारण बंद खोलीत निखारा काय करतो ते त्यानं कारखान्याच्या ट्रेनिंगमध्ये चित्रांत पाहिलं होतं. सोजराबाईनं भिंतीचा खालचा भाग शेणमातीनं स्वतः लिंपला. सुनेला हात लावू दिला नाही.

“तुझी बोटं टाइल पुसायची,” ती म्हणाली. “भिताडाला न्हाई चालत.”

अनिताला राग आला नाही. या बाईच्या घरात एवढी वर्षं काढल्यावर तिला एक हिशोब कळला होता. सोजराबाईच्या तोंडून चांगला शब्द कधी निघत नसे. निघायची ती तक्रार. आणि तक्रार जेवढी बारीक, तेवढं माणूस तृप्त. पिठल्यात मीठ कमी आहे म्हणाली की दुसरी भाकरी घेणार. साडी भडक आहे म्हणाली की तीच लग्नाकार्यात नेसणार. जी गोष्ट खरंच आवडली नाही तिच्याबद्दल ती काहीच बोलत नसे. घोंगडीबद्दल ती आजवर एक शब्द बोलली नव्हती.

अनिताच्या वाट्याला बोळे आले. भिंतीच्या डोक्यावर पत्रा टेकतो तिथं प्रत्येक पन्हळीखाली एक भोक राहतं. चिमणी आत येईल एवढं. थंडीचं खरं वारं तिथूनच. जुनी पातळं, दत्ताचे कंपनीचे शर्ट, प्रगतीचे लहानपणचे फ्रॉक फाडून, पिळून, तिनं बोळ्यांची पाटी भरली आणि स्टूल सरकवत सरकवत एकेक भोक बुजवायला लागली. बोळा कोंबायचा, काठीनं ठोकायचा, बाहेरचा उजेड दिसेनासा झाला की पुढं.

पायथ्याकडची भिंत झाली. खिडकीची झाली. हात चालत होते, पण जसजसा उजेड बंद होत होता तसतशी तिची काठी सावकाश पडायला लागली. खोली खरंच उबदार होत होती. थर्माकोल, प्लॅस्टिक, शेणमाती, वर बबनराव. आता ही बाई कशाला अंगण ओलांडून परत येईल? मागच्या दोन थंड्यांत निदान गार वारं आपल्या बाजूनं होतं. आता तेही आपणच आपल्या हातानं बाहेर काढतो आहोत.

उशाकडच्या भिंतीला ती आली. पूर्वेची भिंत. पहाटेचं वारं न्हावऱ्यात याच अंगानं येतं. इथली भोकं तिनं बुजवली, आणि अगदी मधलं, खाटेच्या डोक्यावरचं, तेवढं सोडून दिलं. पाटीत बोळे उरले होते. तिनं ती पाटी उचलून बाहेर नेली आणि गोठ्यात ठेवली.

“झालं का?” दत्तानं विचारलं.

“झालं.”

दत्तानं वर पाहिलं नाही. तो दाराची ट्यूब ताणत होता.

मग सोजराबाई तपासायला आली. शेंगांची सालं झटकून ती आत गेली, खाटेवर आडवी झाली, घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. दुपारची वेळ होती, तरी उसाच्या फडावरून येणारं वारं गारच होतं. तिनं एकदा वर बबनरावांकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. हात घोंगडीबाहेर काढून प्लॅस्टिकचा एक फुगा चिमटीत धरला आणि फट्कन फोडला. मग दुसरा.

“आये, ते फोडायचं नसतंय. हवा जाती त्यातली.”

“मग भरलीस कशाला?” तिसराही फुटला.

त्या भोकातून उजेडाची एक काडी आत आली होती आणि नेमकी तिच्या कपाळावर पडली होती. तिनं डोळे मिटले, मान थोडी बाजूला केली. काडी कानावर गेली. ती काही बोलली नाही. वारं आलं तेव्हा पांढऱ्या केसांची एक बट हलली, आणि घोंगडीखाली तिला खोकला आला. एकदाच आला. मोठाही नव्हता. पण मागच्या थंडीत पहिल्या रात्रीही एकदाच आला होता.

अनिता स्टुलाला धरून उभी होती. ती तशीच वळली आणि अंगण ओलांडून घरात गेली.

गोठ्यात बोळ्यांची पाटी होती; तिच्याकडे ती गेली नाही. कपाट उघडून तिनं सगळ्यात खालची घडी ओढली. अंजिरी साडी. काठावर दात रोवून फाडायला सुरुवात केली तेव्हा कापड रडल्यासारखं वाजलं. नवं कापड तसंच वाजतं. जरीच्या काठासकट हातभर तुकडा घेऊन ती परत आली, खाटेच्या उशाशी स्टूल लावलं, आणि सासूच्या डोक्यावर उभी राहून बोळा पिळायला लागली.

सोजराबाईनं डोळे उघडले. खालून तिला सुनेचा कोपर आणि जर दिसत होती.

“चांगलं पातळ फाडलंस.”

“जुनं झालं व्हतं, आत्या.”

“किती येळा नेसलीस?”

अनितानं बोळ्याला आणखी एक पीळ दिला. एकदाच नेसली होती, आणि तेव्हा दोघीही तिथं होत्या. तिनं बोळा भोकात बसवला, काठीनं ठोकला, अंगठ्यानं कडा दाबल्या, पुन्हा ठोकला. उजेडाची काडी म्हातारीच्या कानावरून गेली. खोली अंधारली. तिनं तळवा लावून पाहिलं. वाऱ्याचा कणही येत नव्हता.

“एवढं काय ठोकतीस?” सोजराबाई म्हणाली. “मला आत गाडतीस का काय?”

आणि कूस बदलून निजली. अनिता स्टुलावरून उतरली. सगळं काम नीट झालं होतं. आता आपल्या हातात काही उरलं नाही, हे तिला स्टूल उचलताना नीट कळलं.

* * *

संध्याकाळी तिनं हुलग्याचं माडगं केलं. लसूण जरा जास्त, वर तुपाची धार. दत्ता दिवसभराच्या कामावर खूश होता. जेवता जेवता तो आईला समजावून सांगत होता, की आता खोलीतलं टेंपरेचर बाहेरच्यापेक्षा किती वर राहील, आणि पुढच्या सुट्टीत तो पत्र्याला बाहेरून चुना मारणार आहे.

“चुन्यानं काय व्हतंय?”

“उन्हाळ्यात गार ऱ्हातंय.”

“म्हंजी उन्हाळ्याचं बी बघून ठेवलंस तू माझं.”

दत्तानं मान डोलावली. त्याला ती शाबासकी वाटली. अनितानं मात्र खाली पाहिलं, आणि पळीनं माडगं उगाच ढवळलं.

“लसूण लई झालाय,” सोजराबाई म्हणाली, आणि वाटी पुढं केली. अनितानं ती भरली. ती संपवून तिनं पुन्हा पुढं केली. मग हात धुतले, पदर सारखा केला.

“चला. आमचं घर उघडं हाय.”

ती गेली. अंगणातल्या दिव्याखालून तिची सावली लांब होत गेली, खोलीच्या दारात शिरली. दाराला लावलेल्या ट्यूबचा नवा, दबका आवाज आला. दत्ता ऐकून हसला.

“बघ, कसं फिट बसलंय.”

अनिता मोरीत भांडी घासायला बसली. पाणी बर्फासारखं होतं. तिनं मोठं पातेलं घासलं, तवा घासला. वाट्या घ्यायला हात घातला, तेव्हा दाराशी चाहूल लागली.

उंबऱ्याबाहेर सोजराबाई उभी होती. खांद्यावर घोंगडी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. कुठल्या तरी दूरच्या वाटेवर निघाल्यासारखी.

“काम कच्चं झालंय तुमचं,” ती म्हणाली.

दत्ता उठला. “काय झालं, आये?”

“काय झालं काय? वारं येतंय. डोक्याशी भोक ऱ्हायलंय तसंच. मेंदू गार पडला माझा.”

“कुठलं भोक? सगळी बुजवली न्हवं?” दत्तानं अनिताकडे पाहिलं. “कुठलं ऱ्हायलं गं?”

“उशाकडचं,” सोजराबाईनंच सांगितलं. ती दत्ताशी बोलत होती आणि पाहत होती मोरीकडं. “मधलं.”

अनिताच्या हातातली वाटी नळाखाली भरून वाहायला लागली. तिला तो बोळा बोटांना अजून जाणवत होता. अंगठ्याचं नख दुखत होतं. तिनं नळ बंद केला.

“ऱ्हायलं असंल, आत्या,” ती म्हणाली. “चुकलंच माझं.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की शेवटचे दोन शब्द भोकाबद्दल नव्हते. सोजराबाईच्याही लक्षात आलं असावं. तिनं बॅटरी उगाच एकदा लावली आणि विझवली.

“आता अंधारात कुठं चढतीस. ऱ्हाऊ दे.” ती अजून उंबऱ्याबाहेरच होती. “मी आपली इथं ओट्यावर पडते.”

ओट्याचं नाव निघालं तसे अनिताचे हात थांबले. ते तिनं साडीला पुसले. ओले ते ओलेच राहिले. ती दाराशी आली, सासूच्या खांद्यावरची घोंगडी तिनं काढून घेतली, आपल्या खांद्यावर टाकली. जड होती. चिंचोक्याची खळ मानेला खरखरीत लागली, आणि वास आला. लोकरीचा, धुराचा, पावसात भिजून वाळलेल्या कळपाचा. ती घोंगडी घेऊन सोफ्याजवळून, देवघरावरून मागच्या खोलीत गेली. तिथल्या पलंगावर तिनं ती पसरली आणि चारी कोपरे हातानं सारखे केले. मोरीतल्या पाण्यानं लोकरीवर तिच्या बोटांच्या खुणा उमटल्या.

मागून सोजराबाई आली होती. तिनं खोली पाहिली. झाडलेली फरशी पाहिली, रिकामा कोपरा पाहिला, खिडकीची जाळी बोटानं दाबून पाहिली.

“इथं कांदा ठेवायला पायजे व्हता तुमी,” ती म्हणाली. “जागा वाया घालवली.”

“व्हय, आत्या.”

“चंपाषष्ठी होईस्तवर ऱ्हाते. मग जाईन माझ्या घरी.”

“व्हय.”

चंपाषष्ठी कुठल्या सालची, ते तिनं सांगितलं नाही. अनितानंही विचारलं नाही.

* * *

सकाळी धार काढून झाल्यावर अनिता कळशी आणायला सिमेंटच्या खोलीत गेली.

दार ढकललं तर आतली हवा अजून कोमट होती. दत्ताचं काम खरंच चांगलं झालं होतं. छतावर बबनराव रिकाम्या खाटेला हात जोडून उभे होते. आणि उशाकडच्या भिंतीतून उजेडाची काडी सरळ येऊन उशीवर पडली होती.

भिंतीला स्टूल लावलेलं होतं. काल तिनं ते उचलून दाराशी ठेवलं होतं.

उशीवर कापडाचा एक तुकडा होता. पिळलेला, ठोकलेला बोळा सोडवून, मांडीवर हातानं दाबून दाबून सरळ केलेला असावा. अजून सुरकुत्या होत्या, पण चौकोनी घडी होती, आणि जरीचा काठ वरच्या बाजूला येईल अशी केलेली. या वयात या बाईनं स्टुलावर चढावं, काठीनं ठोकलेला बोळा नखांनी उकरून काढावा, आणि खाली उतरून त्याची घडी घालावी. अनितानं आधी स्टुलाकडे पाहिलं. तीन पायांचं, एक पाय डुगडुगणारं. मग तिनं ती घडी उचलली आणि कमरेला खोचली. पदर त्यावर ओढून घेतला.

बाहेर ओट्यावर कोवळं ऊन आलं होतं. सोजराबाई घोंगडी गुंडाळून बसली होती आणि बबनरावांना सांगत होती. ते आपल्या फ्लेक्सची पहिली रात्र कशी गेली हे विचारायला दुधाचे कॅन डेअरीवर टाकून आले होते.

“तुमचं काय न्हाई, बबनराव. तुमी चांगलं केलं. दत्तानं बी केलं. ह्या पोरीनं एक भोक तसंच सोडलं. रातभर इथं आत काढावी लागली मला. झोप न्हाई, काय न्हाई. पलंग लई मऊ.”

“अगं मग लावून टाक की सूनबाई ते,” बबनराव म्हणाले. त्यांना आपल्या देणगीची काळजी लागली होती. “एवढ्याशा बोळ्यापायी सगळी ऊब वाया चाललीय.”

“आत्ता लावतो,” दत्ता उठलाच. “बोळा कशाला, एम-सीलच मारतो. आयुष्यात उघडायचं न्हाई. शिडी कुठं हाय गं?”

सोजराबाई उन्हाकडे बघायला लागली. घोंगडीच्या काठाशी तिची बोटं थांबली होती.

“ऱ्हाऊ द्या,” अनिता म्हणाली.

“आगं दोन मिनिटांचं काम हाय.”

“ऱ्हाऊ द्या म्हनलं ना. चिमणी जाऊन बसलीय त्यात. घरटं करतीय.”

“थंडीत?” दत्ता म्हणाला.

“तिला विचारा जाऊन.”

दत्तानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. कारखान्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं, की कुठल्या व्हॉल्व्हला आपण हात लावायचा नसतो. तो परत खाली बसला.

“चिमणीचं पाप नको बाबा,” बबनरावांनी निकाल दिला. मग त्यांच्या मनात आलं. “पर ती माझ्या फ्लेक्सवर घाण करंल त्याचं काय?”

अनितानं आतून चहा आणला. बबनरावांना दिला, नवऱ्याला दिला, आणि गुडघ्यावर बसून सासूच्या हातात कप दिला. कमरेला खोचलेल्या घडीचं एक टोक पदराखालून बाहेर आलं होतं. जर उन्हात चमकली. सोजराबाईनं ती पाहिली. तिनं घोंगडीतून हात काढून ते टोक बोटानं आत सारलं, जसा लहान पोरीचा परकर सावरतात तसं. मग दोन्ही हातांनी कप धरून, फुंकर न घालता, तो चहा ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

“साखर कमी हाय गं,” ती म्हणाली, आणि रिकामा कप पुढं केला.